मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर, वेळ आणि घड्याळ यांचा हिशोब घरबसल्या कसा काढायचा

गूगलवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर शोधलं की साडेबारा हजार किलोमीटर असं काहीतरी येतं, खालची एखादी साइट म्हणते चौदा तास लागतात, तिकिटावर असतं पंधरा तास पन्नास मिनिटं, आणि तिकिटावरच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळेची सरळ वजाबाकी केली तर येतात जेमतेम सहा तास. मग घरात वाद सुरू होतात. खरं तर चारही आकडे बरोबरच आहेत, फक्त ती चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आईबाबांचं तिकीट काढायचं असेल, जावई घ्यायला येणार असतील, नाहीतर नुसतीच उत्सुकता असेल, तर हे सगळं स्वतः काढता येतं, बारावीपर्यंतच्या गणिताच्या वर काहीच लागत नाही.

आधी अंतर बघू. भिंतीवरचा जगाचा नकाशा बघून आपल्याला वाटतं की मुंबईहून निघालं की सरळ पश्चिमेला, म्हणजे अरबस्तान, मग आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक आणि आलं न्यूयॉर्क. सपाट नकाशावर ती रेघ सरळ दिसते पण गोलावर तो वळसा आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर आणि ताणून धरा. दोरा कुठून जातो ते बघून पहिल्यांदा कोणालाही आश्चर्य वाटतंच: सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा कोपरा, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मग जवळजवळ मॉस्कोवरून, हेलसिंकीच्या शेजारून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला घासून, कॅनडाच्या लॅब्राडोरमधून खाली न्यूयॉर्क. मुंबईहून निघताना तोंड पश्चिमेला नसतंच, उत्तरेपासून जेमतेम सत्तावीस अंश पश्चिमेकडे असतं, म्हणजे बऱ्यापैकी उत्तरेलाच. आणि मध्ये विमान साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर जातं. गोलावरचा हा जो सगळ्यात जवळचा रस्ता त्याला ग्रेट सर्कल म्हणतात आणि साइटवर जे अंतर दिसतं ते याचंच असतं.

आता हे हाताने काढायचं तर दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके, म्हणजे न्यूयॉर्कचा मोठा एअरपोर्ट, ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची, ती येते १४६.६५ (दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती, आणि उत्तर १८० च्या वर गेलं तर ३६० मधून वजा करायचं, उदाहरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोला असंच होतं). मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२१३. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार आणि त्याला पुन्हा १४६.६५ च्या कोसाइनने गुणायचं: उणे ०.५९९. दोन्हीची बेरीज उणे ०.३८६. याचा उलटा कोसाइन काढला की ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून ११२.७ गुणिले १११.२, साधारण १२,५३० किलोमीटर. मोबाइलचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर राहिला तर न्यूयॉर्क नाशिकच्या अलीकडेसुद्धा येऊ शकतं. पृथ्वी अगदी गोल नाही, विषुववृत्ताला थोडी फुगलेली आहे, त्यामुळे या पद्धतीत फार तर अर्धा टक्का इकडेतिकडे होतं, आपल्या कामाला तेवढं चालतं.

गणित नकोच असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाची जुनी साइट आहे, तिथे दोन एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर आणि नकाशावरची वाकडी रेघ दोन्ही मिळतं. गूगल मॅपवरसुद्धा कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून अंतर मोजता येतं, तेही गोलावरचंच देतं. मी तरी दोरा एकदा लावून बघाच असं सांगेन, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

एककांचा घोळ मात्र सांभाळा. अमेरिकन साइटवर ७,७९० मैल दिसतील, वैमानिकांच्या भाषेतल्या आकड्यात ६,७६५ नॉटिकल मैल दिसतील, आणि दोन्ही म्हणजे तेच १२,५३० किलोमीटर. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. नॉटिकल मैलाची एक सोय म्हणजे वरच्या हिशोबात आलेल्या अंशांना नुसतं ६० ने गुणलं की झालं. फ्रीक्वेंट फ्लायरवाले जे मैल देतात ते साधे मैल, अर्थात आजकाल बऱ्याच कंपन्या अंतरावर नाही तर खर्च केलेल्या पैशांवर देतात.

अंतर झालं, आता वेळ. इथेच बहुतेक साइट गंडवतात, कारण त्या अंतराला एका ठरलेल्या वेगाने भागतात आणि वर अर्धा तास टाकून देतात. वेग तसा काही गुपित नाही. बोइंग ७७७ साधारण माक ०.८४ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने जातं, ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ ने. पस्तीस हजार फुटांवर हवा इतकी थंड असते की आवाजाचा वेगच ताशी हजार-साडेदहाशे किलोमीटरच्या आसपास येतो, त्याच्या ०.८५ म्हणजे ताशी नऊशे. १२,५३० भागिले ९००, जवळजवळ चौदा तास. तो साइटवाला आकडा इथून येतो.

पण हे नऊशे हवेच्या तुलनेत आहेत, जमिनीच्या तुलनेत नाहीत. आणि ती हवा स्वतः वाहत असते. नदीत पोहणाऱ्याचे हात तितकेच चालतात पण प्रवाहाबरोबर तो भराभर जातो आणि उलटा निघाला की दमतो, तसंच हे. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथेच, नऊ ते बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी शंभर-दोनशे किलोमीटर तर नेहमीचंच आणि हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत, चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं, जे एरवी साडेसहा-सात तासांचं काम आहे. विमानाने काही वेगळा पराक्रम केला नव्हता, मागून वारा होता.

म्हणून मुंबई-न्यूयॉर्कचा हिशोब जाताना वेगळा आणि येताना वेगळा करायचा. जाताना सरासरी ५० किलोमीटरचा समोरचा वारा धरा, म्हणजे ताशी ८५०. शिवाय विमान कधीच अगदी दोऱ्यावरून जात नाही, हवाई मार्ग, बंद आकाशं, वादळं, वारा टाळणं यामुळे थोडं फार वाढतं, जाताना पाच टक्के धरायला हरकत नाही, म्हणजे १३,१५० किलोमीटर. भागाकार येतो साडेपंधरा तास. त्यात जमिनीवर रांगत जाणं, वर चढताना आणि उतरताना कमी वेग, यासाठी अर्धा तास टाका. झाले सोळा. येताना ५० चा वारा पाठीशी धरा, वळसाही कमी धरा, १२,९०० भागिले ९५०, साडेतेरा तास आणि वरचा अर्धा, म्हणजे चौदा-सव्वाचौदा. तिकिटावर जाताना पंधरा-सोळा आणि येताना चौदा-पंधरा असं का दिसतं ते आता कळलं असेल. हा ५० चा आकडा सरासरी आहे हं, एखाद्या दिवशी वारा काहीही करतो, जानेवारीत आणि जुलैत फरक पडतो.

तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो, त्याला एअरलाइनवाले ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे मुंबईत विमान मागे ढकलायला सुरुवात झाल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंत. कॅप्टन जेव्हा स्पीकरवर सांगतो की आपला उड्डाणाचा वेळ पंधरा तास पाच मिनिटं, तेव्हा तो फक्त हवेतला वेळ सांगत असतो, म्हणून तो तिकिटापेक्षा कमी वाटतो आणि लोक खूश होतात. शिवाय कंपन्या तिकिटावरच्या वेळेत थोडी हवा भरून ठेवतात, उशिरा निघालं तरी वेळेवर पोचलो म्हणायला. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पण "अर्धा तास आधी पोचलो" याचं कौतुक जरा बेतानेच करा.

अंतर आणि वेळ एकाच दोरीला बांधलेले नाहीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. आधी ते अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जातानाचा रस्ताच उलटा केला, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून. अंतर हजार किलोमीटरहून जास्त वाढलं, सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण सगळा रस्ता वारा पाठीशी. लांबचा रस्ता लवकर पोचवतो हे विमानाच्या बाबतीत आपल्या डोक्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आकाश उघडं आहे का. वरच्या दोऱ्यावर पुन्हा नजर टाका: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, सगळी नाजूक गावं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण उघडलं नव्हतं. पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ ला पुन्हा भारतीय कंपन्यांसाठी बंद केलं आणि मग ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. याचा जास्त फटका दिल्लीला, कारण तिथून आधी गुजरातकडे खाली यायचं आणि मग समुद्रावरून पश्चिमेला वळायचं, काही अमेरिकेची विमानं तर तेव्हा व्हिएन्नाला इंधनासाठी थांबायला लागली. मुंबईला तेवढा त्रास नाही, इथून अरबी समुद्रावरून थेट आखाताकडे निघता येतं, तरी वळसा पडतोच. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि बहुतेक युरोपियन कंपन्यांना बंद आहे पण भारतीय कंपन्या त्यावरून जात राहिल्या, म्हणजे एकाच दोन शहरांमधला रस्ता कोणाच्या विमानात बसलात त्यावरही बदलतो. म्हणून पाच वर्षांपूर्वी मामा गेले तेव्हा किती तास लागले हे विचारून काही उपयोग नाही. त्यापेक्षा फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपला फ्लाइट नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ते विमान प्रत्यक्षात किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, कुठून गेलं हे फुकटात दिसतं. चार-पाच दिवसांचं बघून सरासरी काढली की कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा खरा आकडा हातात येतो.

आता घड्याळ. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. त्यांचा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, त्या आठवड्यांतलं तिकीट असेल तर जरा डोळे उघडे ठेवा. पद्धत सोपी आहे: सुटायच्या वेळेत प्रवासाचे तास मिळवा, म्हणजे आपल्या घड्याळात पोचायची वेळ मिळते, मग त्यातून फरक वजा करा. समजा जूनमध्ये मुंबईहून पहाटे १:४० ला निघालात आणि प्रवास १५ तास ५० मिनिटांचा. आपल्या घड्याळात त्याच दिवशी संध्याकाळी ५:३०. त्यातून साडेनऊ वजा, सकाळी ८, तारीख तीच. वर म्हटलेले ते सहा तास इथून आले. येताना फरक मिळवायचा: न्यूयॉर्कहून दुपारी १२:३०, प्रवास साडेचौदा तास, तिथल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी पहाटे ३, अधिक साडेनऊ, मुंबईत दुपारचे १२:३०, दुसरा दिवस. तिकिटावर पोचायच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिक एक लिहिलेलं असतं ते हेच.

आणि इथे एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावण्यासारखी आहे. मुंबईची बरीच लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, वेळ १:४० असेल तर घरातून निघायचं ११ तारखेला संध्याकाळी. १२ च्या रात्री जेवून निवांत निघालात तर तुमचं विमान तोपर्यंत न्यूयॉर्कला पोचलेलं असतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारीख टाकताना "११ ची रात्र, १२ ची पहाट" असंच लिहावं.

औषधांच्या बाबतीत मात्र घड्याळाकडे बघू नका, खरे उलटलेले तास बघा. बाबांची बीपीची गोळी चोवीस तासांनी असेल तर विमानात बसल्यावर न्यूयॉर्कची वेळ लावून हिशोब चुकतो. हातातलं घड्याळ तिथे पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवलेलं बरं, आणि इन्सुलिन वगैरे असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्या.

थेट विमान महाग पडतं म्हणून मध्ये थांबणारं घ्यायचं असेल तर लोकांना वाटतं खूप लांबून जावं लागेल. अंतराच्या दृष्टीने तसं नाही. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, बेरीज १२,७५०, म्हणजे थेटपेक्षा दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच जास्त, कारण लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईवरून १,९३० अधिक ११,०००, म्हणजे चारशे जास्त. विमानाला ही पाव-अर्ध्या तासाची गोष्ट. खरा वेळ जातो तो जमिनीवर, दोन विमानांच्या मधल्या तासांत, आणि एक जास्तीचं उतरणं-चढणं असतं त्यात. मधला वेळ दीड तासापेक्षा कमी असेल तर वयस्कर माणसांसाठी मी ते तिकीट घेणार नाही, स्वस्त असलं तरी. तीन तास म्हणजे बरं. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत ना ते बघा, वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. लंडनवरून जाताना अमेरिकेचा व्हिसा असला तरी ट्रान्झिटचे नियम वेगळे असतात, ते ब्रिटिश सरकारच्या साइटवर बघून मगच पैसे भरा.

आता घरापासून घरापर्यंत. पुण्याचा माणूस असेल तर सहारपर्यंत दीडशे किलोमीटर, घाट मोकळा मिळाला तर तीन तास, पण शुक्रवार संध्याकाळ किंवा पावसाळा असेल तर पाच धरा. एअरपोर्टवर तीन तास आधी पोचायचं, चेक-इनचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, आणि अमेरिकेच्या विमानाला गेटजवळ पुन्हा एकदा तपासणी असते. मग विमानाचे सोळा. तिकडे इमिग्रेशनच्या रांगेला तासभर, सकाळी एकदम चार-पाच मोठी विमानं उतरली तर दोन, आणि बॅगांना अर्धा. सगळं मिळून पुण्यातल्या दारापासून न्यू जर्सीतल्या दारापर्यंत पंचवीस-सव्वीस तास सहज होतात, त्यात उडणं फक्त पंधरा. व्हीलचेअर घेतली असेल तर ती तिकीट काढतानाच सांगून ठेवा, रांगेतला वेळ बराच वाचतो.

न्यू जर्सीत एडिसनकडे राहणाऱ्यांना जेएफकेपेक्षा नेवार्कचा एअरपोर्ट कितीतरी सोयीचा. मुंबईहून दोन्हीचं अंतर जवळजवळ सारखंच आहे पण जेएफकेहून जर्सीला जायचं म्हणजे सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अख्खं न्यूयॉर्क ओलांडायचं, तो दीड-दोन तासांचा फरक कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही. घ्यायला येणाऱ्याने विमान उतरायच्या वेळेला गेटबाहेर उभं राहायची काहीच गरज नसते. फ्लाइटरडारवर विमान उतरलेलं दिसलं की घरातून निघायचं, तरीही लवकर पोचलातच तर एअरपोर्टच्या सेल फोन लॉटमध्ये गाडीत बसून राहायचं, तिथे पार्किंगचे पैसे पडत नाहीत, आणि आईबाबांनी बॅगा हातात आल्यावर वायफायवरून फोन केला की मगच टर्मिनलला गाडी लावायची.